वाकडं जुळलेलं चालेल, वळलेलं चालणार नाही

प्रश्न: मी 27 वर्षांचा, खानापूर तालुक्यातला. बेळगावात उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. नऊ दिवसांपूर्वी घरी बांधावरून भावाशी वाद झाला आणि रागाच्या भरात मी सागवानी चौकटीवर उजव्या हाताची बुक्की मारली. हात लगेच सुजला आणि करंगळीच्या मुळाशी मुठीवर जो उंचवटा असतो तो दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी आईने हाडवैद्याकडे नेलं. त्यांनी पाला वाटून लावला, बांबूच्या कांबट्या घालून घट्ट बांधलं. रात्री बोटं बधिर पडायला लागली म्हणून मीच सोडून टाकलं. तिसऱ्या दिवशी बेळगावला एक्स-रे काढला. करंगळीच्या रेषेत तळहातात जे हाड असतं त्याची मान मोडली आहे, 40 अंशांचा कोन आहे, ऑपरेशन नको, असं सांगून कच्चं प्लास्टर घातलं. प्लास्टर कोपराच्या खालून चारही बोटांच्या टोकापर्यंत आहे, हात फळीवर ठेवल्यासारखा सपाट आहे. डॉक्टरांना मी गाडीवरून पडलो असं सांगितलंय. मामा म्हणतात, 40 अंश म्हणजे फार झालं, प्लेट बसवून घे. ऑपरेशन करू का? हाड वाकडंच राहणार का? लेथवर कधी उभा राहू शकेन? घरी म्हशीची धारही मीच काढतो.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर: मामांना 40 या आकड्याची धास्ती वाटली. आम्हाला काळजी वाटली ती तुमच्या दुसऱ्या एका वाक्याची: ‘हात फळीवर ठेवल्यासारखा सपाट आहे.’ म्हणून आधी काय करायचं ते सांगतो, कारणं मागाहून. येत्या दोन-तीन दिवसांत हाडाच्या डॉक्टरांकडे परत जा. प्लास्टर सोडून दोन गोष्टी बघायला सांगा. एक, करंगळी स्वतःभोवती वळली आहे का. दोन, बोटांचे मुळातले सांधे वाकवून नवं प्लास्टर घालता येईल का. त्याच वेळी एक्स-रे पुन्हा काढून घ्या, कारण पहिल्या आठवड्यात हाड आणखी सरकलं असेल तर ते आताच कळतं. पंधरा-वीस दिवस झाले की हाड धरायला लागतं. मग साधं ओढून बसवण्याची वेळ निघून जाते.

आता कोनाचं. तुमचा प्लास्टर नसलेला डावा हात डोळ्यांसमोर धरा आणि मूठ सैल वळा. मग करकचून आवळा. करंगळी आणि अनामिका यांच्या मुळाचे उंचवटे तळहाताकडे खाली सरकलेले दिसतील. तर्जनी आणि मधल्या बोटाचे मात्र जागचे हलत नाहीत. करंगळीचं हे हाड मनगटाशी जिथे बसतं तो सांधा 20 ते 30 अंश पुढे-मागे हलतो. त्यामुळे हाड थोडं तळहाताकडे झुकून जुळलं तरी हा हलता सांधा ते सांभाळून घेतो. हेच 40 अंश तर्जनीच्या हाडात असते तर आम्हीही ऑपरेशनच सुचवलं असतं, तिथे 10-15 अंशांपुढे चालवून घेत नाहीत. करंगळीच्या मानेला 40-50 अंशांपर्यंत सहसा कोणी चाकू लावत नाही, काही सर्जन तर 70 अंशांपर्यंत थांबतात. शिवाय मोडलेलं नसतानाही या हाडाची मान साधारण 15 अंश झुकलेलीच असते, आणि तिरक्या एक्स-रेवर दोन डॉक्टरांचं माप पाच-दहा अंशांनी सहज वेगळं येतं. मामांना एवढं समजावून सांगा. तुमच्या डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं ते, एवढ्यावरून तरी, बरोबर आहे.

वाकडं राहणार का? हो, थोडं राहील. मूठ वळली की करंगळीचा उंचवटा पूर्वीसारखा वर दिसणार नाही, आणि हाताच्या पाठीवर एक टेंगूळ हाताला लागेल. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर प्लास्टर निघाल्यावर माणूस घाबरतो आणि नीट जुळलेलं हाड पुन्हा फोडून घ्यायला निघतो. या खुणेने मुठीची ताकद जात नाही. पण हत्याराशी काम करणाऱ्याला एक गोष्ट जाणवू शकते: झुकलेलं हाडाचं डोकं तळहातात थोडं पुढे येतं, त्यामुळे चकची (लेथवर जॉब पकडून फिरवणाऱ्या पकडीची) चावी किंवा हातोड्याचा दांडा जोरात धरताना तिथे टोचल्यासारखं वाटतं. बहुतेकांना काही महिन्यांत त्याची सवय होते.

वळण ही मात्र अगदी वेगळी गोष्ट. डाव्या हाताची चारही बोटं हळूहळू तळहाताकडे वाकवा. त्यांची टोकं अंगठ्याच्या बाजूला, मनगटाजवळ, जवळपास एकाच जागेकडे झुकतात आणि नखं एका ओळीत दिसतात. मोडलेलं हाड स्वतःभोवती थोडं जरी वळलं, तरी करंगळी अनामिकेच्या खाली शिरते नाहीतर बाहेर फेकली जाते. हाडातलं 5 अंशांचं वळण बोटाच्या टोकाशी जवळपास दीड सेंटीमीटर होतं. सरळ हातात हे दिसतच नाही, एक्स-रेवरही सहज निसटतं. बोटं वाकवल्याशिवाय ते कळायला दुसरा मार्ग नाही, आणि सपाट प्लास्टरमध्ये बोटं वाकतच नाहीत. हे वळण पुढे आपोआप सुटत नाही, नवीन हाड ते भरून काढत नाही. म्हणून प्लास्टर सोडलं की डॉक्टरांच्या हाताचा आधार घेऊन, दुखेल तेवढंच, पण दोन्ही हातांची बोटं शेजारी-शेजारी वाकवून बघा. काहींची करंगळी जन्मतःच थोडी आत झुकलेली असते, त्यामुळे डाव्याशी ताडून बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. वळण सापडलं तर ऑपरेशनला नाही म्हणू नका, मग कोन 10 अंश असो की 40.

ऑपरेशन म्हणजे प्लेटच, असंही नाही. या हाडाला बहुधा बारीक तारा घालतात. त्या साधारण चार आठवड्यांनी ओपीडीतच काढतात. तारांची टोकं कातडीबाहेर असतील तर ती जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवावी लागते, नाहीतर पू होतो. प्लेटने हाड पक्कं बसतं, पण प्लेटवरून जाणारी बोट सरळ करणारी स्नायूची दोरी तिला चिकटण्याचा धोका असतो, आणि मग बोट आखडतं. हाड कातडीबाहेर आलेलं असेल, एकाहून जास्त हाडं मोडली असतील, कोन फार मोठा असेल किंवा वळण असेल, तेव्हा हे सगळं पत्करण्यात अर्थ आहे. नुसता उंचवटा पूर्वीसारखा दिसावा म्हणून पत्करू नका.

प्लास्टर सपाट का नको, ते समजलं तर डॉक्टरांशी बोलायला सोपं जाईल. बोट जिथे तळहाताला जोडलं जातं त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना मजबूत बंध असतात. बोट सरळ असताना ते सैल असतात, बोट वाकलं की ताणले जातात. सैल असताना तीन-चार आठवडे बांधून ठेवलं तर, सैल सोडलेली चामड्याची वादी वाळली की आखडते तसे ते आखडतात. मग हाड जुळतं, पण मूठ मिटत नाही. म्हणून ठरलेली ठेवण अशी: मनगट 20-30 अंश मागे, मुळातले सांधे 70 ते 90 अंश वाकलेले, बोटांची पुढची पेरं सरळ. पानावर भात वाढून घ्यायला हात पुढे केल्यासारखा सपाट नको, दाराची कडी वरून धरल्यासारखा हवा. प्लास्टर फक्त करंगळी आणि अनामिकेला पुरतं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट पहिल्या दिवसापासून मोकळं असायला हवं, आणि ते दिवसभर हलवत राहायला हवं. तुमची चारही बोटं बांधली आहेत. त्यातली दोन विनाकारण.

हाड सरकलेलं नसेल आणि वळण नसेल, तर काही डॉक्टर या टप्प्यावर प्लास्टर काढूनच टाकतात आणि करंगळी अनामिकेला पट्टीने जोडून देतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. साध्या, बंद, न वळलेल्या मोडीला हाही तितकाच मान्य उपचार आहे आणि बोटं त्यात लवकर मोकळी होतात. दोन पट्ट्या लागतात: एक मुळाच्या आणि मधल्या सांध्याच्या मध्ये, दुसरी मधल्या आणि शेवटच्या सांध्याच्या मध्ये. सांध्यावर पट्टी येऊ देऊ नका. दोन बोटांच्या मध्ये गॉजचा तुकडा ठेवा, नाहीतर घामाने कातडी पांढरी पडून फाटते. दर दोन-तीन दिवसांनी पट्टी बदला. पट्टी एवढीच घट्ट असावी की नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होईल.

हाडवैद्याकडे नेल्याबद्दल आईला बोल लावू नका. तुमच्या भागात पिढ्यानपिढ्या लोक तसंच करत आले आहेत. त्यात चुकतं कुठे, ते मात्र माहीत हवं. मार लागल्यावर सूज दोन-तीन दिवस वाढतच असते. अशा हाताभोवती कांबट्या घालून गोल, घट्ट बांधलं की सुजेला जागा राहत नाही, आतला दाब वाढतो आणि रक्त पुढे जायचं थांबतं. बोटं बधिर होणं ही त्याची सुरुवात असते. त्या रात्री सोडलं नसतं तर स्नायू आणि बोटंही गमावायची वेळ येऊ शकली असती. दवाखान्यातसुद्धा सुरुवातीला अर्धं, म्हणजे कच्चं प्लास्टर घालतात ते याचसाठी, सूज वाढली तर वर गुंडाळलेली पट्टी सैल करता येते. दुखणं औषधाने कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, बोटं पांढरी किंवा निळी पडली, बोट नुसतं कोणी सरळ केलं तरी असह्य कळ आली, तर पट्टी कापून सोडा आणि रात्र असली तरी दवाखाना गाठा. उद्यावर ढकलू नका. आणि तेल लावून मालीश, चोळणं, ओढणं हे हाड जुळेपर्यंत कोणाच्याही हातून नको.

आता गाडीवरून पडल्याचं. बहुधा लाज वाटली असेल किंवा पोलीस केस होईल अशी भीती. स्वतःच्या घरच्या चौकटीवर हात मारला यात कोणावर गुन्हा नाही. मारामारीत झालेली जखम असेल तेव्हा दवाखान्याला पोलिसांत नोंद द्यावी लागते. डॉक्टरांना खरं का सांगावं, याचं कारण उपचारात आहे. गाडीवरून पडलेला माणूस हात टेकतो, म्हणून डॉक्टर मनगट आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेलं छोटं हाड आधी बघतात. बुक्की मारलेल्या माणसाच्या मुठीवरची कातडी बघावी लागते. मूठ आडवी फिरवून मारली की मार सगळ्यात कमी आधार असलेल्या करंगळीच्या बाजूला बसतो, हाडाची बारीक मान तुटते आणि हाताचे आतले छोटे स्नायू तुटलेलं डोकं तळहाताकडे ओढतात. याच कारणाने मुष्टियुद्ध शिकलेला माणूस तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळावर मार घेतो.

याच सदरातून इतर वाचकांनाही सांगतो. मारामारीत मूठ कोणाच्या दातांवर बसली असेल आणि उंचवट्यावर चार-पाच मिलिमीटरची का होईना चीर असेल, तर ती साधी खरचट समजू नका. मूठ आवळलेली असताना दात थेट सांध्यात पोचतो. हात उघडला की कातडी सरकून भोक झाकलं जातं आणि तोंडातले जंतू आत अडकतात. दोन दिवसांत सांधा सडायला लागतो. अशी जखम टाके घालून बंद करत नाहीत. ती उघडी ठेवून धुवावी लागते आणि प्रतिजैविकं त्याच दिवशी सुरू करावी लागतात. तिथे खोटं सांगितलं तर डॉक्टर खरचट समजून पट्टी बांधतात आणि बोट जातं. तुमच्या हाताला चौकटीने खरचटलं असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल, तर या भेटीत तेही घ्या.

घरी इतकं सांभाळा. झोपताना हात उशीवर, छातीपेक्षा उंच. चालताना गळपट्टीत हात लोंबकळू देऊ नका, पंजा कोपराच्या वर राहू द्या. उजव्या हातात अंगठी, कडं, मनगटाचा दोरा असेल तर आजच काढा. अंगठी अडकली असेल तर साबणाचं पाणी लावून फिरवत काढा, नाही निघाली तर दवाखान्यात कापतात, सोन्याची आहे म्हणून थांबू नका. दुखलं तर पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची गोळी सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त नको, आणि यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू घेत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तीही नको. खानापुरातला पाऊस प्लास्टरचा शत्रू आहे. साध्या प्लास्टरला पाणी लागलं की ते मऊ पडतं आणि हाड सैल सुटतं. अंघोळीला आणि बाहेर जाताना प्लास्टिकची पिशवी चढवून वर रबर लावा, परत आल्यावर लगेच काढा, आत घामही साचू देऊ नका. खाज सुटली तर फूटपट्टी, काडी, विणकामाची सुई आत घालू नका. आतली बारीक जखम दिसत नाही आणि तिथेच पू होतो.

खाण्यात विशेष पथ्य नाही. तुमच्याकडे नाचणी घरचीच असते. तिच्यात 100 ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून भाकरी आणि आंबील चालू ठेवा. सोबत दूध, अंडी, मासे, डाळ. कॅल्शियमच्या गोळ्यांनी हाड लवकर जुळत नाही, पोटात कमी जात असेल तरच त्यांचा उपयोग. तंबाखूचं मात्र स्पष्ट सांगतो. निपाणीकडच्या आपल्या भागात तंबाखू खिशातच असते. बिडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो, आणि मळून खाल्ली तरी निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतंच. निदान हे दोन महिने ती डबी घरी ठेवा.

साधारण तीन ते चार आठवड्यांनी, मोडीच्या जागी बोटाने दाबलं आणि दुखलं नाही, की आधार निघतो. एक्स-रेवर तेव्हाही फट दिसेल. ती अनेक महिने दिसते, तिच्याकडे बघून प्लास्टर लांबवू नका. त्या दिवसापासून खरं काम तुमचं. कोमट पाण्यात हात 10 मिनिटं बुडवा आणि पाण्यातच बोटं चालवा: सगळी सरळ, मग मुळात वाकवून पुढची पेरं सरळ, मग मुळं सरळ ठेवून फक्त पेरांची आकडी, मग नखं तळहाताला टेकवून मूठ, शेवटी नखं आत दडवून पूर्ण मूठ. प्रत्येक ठेवण पाच सेकंद, 10 वेळा, दिवसातून पाच वेळा. थोडं दुखेल, ते चालतं. दुसऱ्या दिवशी सूज वाढलेली असेल तर मात्र निम्म्यावर आणा. सहाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण मूठ मिटली नाही, तर फिजिओथेरपिस्टकडे जा. आणखी वाट बघितली की ताठरपणा पक्का होतो.

सहा आठवड्यांनी जेवणखाण, लिहिणं, अर्धी कळशी उचलणं, हे सगळं करा. त्याच सुमारास गाडी. उजव्या हाताने पुढचा ब्रेक पूर्ण दाबता येतो का, हे आधी उभ्या गाडीवर बघा. खानापूर-बेळगाव रस्त्यावर ते आजमावू नका. धार काढताना मुठीतला दाब वरून खाली येत करंगळीवर संपतो, आणि म्हशीचे सड कठीण. म्हणून आठव्या आठवड्याआधी नको, आणि सुरुवातीला दोन सड तुम्ही, दोन दुसऱ्या कोणी.

लेथवर नुसतं उभं राहून मोजमाप, तपासणी, ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) घालणं यासाठी सहाव्या आठवड्यापासून जायला हरकत नाही, मालकाने तसं हलकं काम दिलं तर. चकची चावी आवळणं, जड जॉब चढवणं, हे आठ ते दहा आठवड्यांनी. घणाचं काम बाराव्या आठवड्यानंतर. आणि एक अट अशी की तिला अपवाद नाही: बोटाला पट्टी, गॉज, आधार, हातमोजा असं काहीही असेल तोवर फिरत्या चकजवळ हात नेऊ नका. पट्टीचं एक सुटं टोक जबड्यात अडकलं की स्पिंडल थांबायच्या आत अख्खा हात आत जातो. पट्टी सुटायची आहे, मग मशीनला अजून हात लावायचा नाही, एवढं सरळ धरा.

रजेचं बघा. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि वर्कशॉपमध्ये दहा किंवा जास्त कामगार असतील तर तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, असायला हवं. घरी लागलेला मार कामावरची दुखापत धरला जात नाही, तो कामावर लागला असं लिहून घेऊ नका. पण आजारपणाचा लाभ मिळतो: पगाराच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत, त्या सहामाहीसाठी लागणाऱ्या 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. तो मागच्या तारखेने मिळायला त्रास होतो, म्हणून आतापर्यंतचे एक्स-रे आणि कागद घेऊन या आठवड्यातच त्यांच्याकडे जा.